मागे वळून पाहणारा कोंबडा

२२ एप्रिल

ही वही स्तांकाची. पहिल्या चार पानांवर तिने लोणच्यांची प्रमाणं लिहून ठेवली आहेत, पाचव्यावर आमच्या लेकीचा, मारिएताचा, इटलीतला फोन नंबर. पुढे सगळी कोरी. मला लिहायची सवय नाही. पण दिवसभरात जे काही घडलं ते संध्याकाळी जिच्या कानावर घालायचो, ती फेब्रुवारीत गेली. कुत्र्याला सांगून पाहिलं, तो अर्ध्यातच उठून जातो. म्हणून ही वही.

आज दुपारी माझ्या मातीकामाच्या चाकाजवळच्या बाकावर डोळा लागला. स्वप्नात एक लांबच लांब टेबल होतं, आमच्या बागेतून निघून पार टेकडीपलीकडे गेलेलं. गावातली गेलेली सगळी माणसं जेवायला बसली होती. माझी आई होती, चुलतभाऊ त्रिफु होता. प्रत्येकापुढे आपापली ताटली, आणि वरून आलुबुखारची फुलं ताटल्यांत पडत होती. ती कुणी बाजूला काढत नव्हतं. स्तांका अगदी टोकाला बसली होती. तिच्यापुढे ताटली नव्हती. ओंजळीत घेऊन खात होती आणि बोटांतून गळत होतं. मी बघतोय हे पाहून तिला लाज वाटली. तिने हात एप्रनला पुसले.

जागा झालो आणि काय चुकलं ते कळलं. चाळिसाव्या दिवशी तिच्या नावाने ताटल्या वाटल्या, त्या मारिएताने शहरातल्या दुकानातून आणलेल्या होत्या. पांढऱ्या, कारखान्यातल्या, त्यांच्यावर ना हाताने रंगवलेला कोंबडा ना चांदणी. इथे वाटलेलं तिथे पोचतं, हे खरं. पण तसली ताटली पोचली तरी ती कुणाची, हे वर कुणाला कसं कळणार? मी तेव्हा बधिर होतो, समोर येईल त्याला मान डोलवत होतो. घरात स्तांकाच्या हातची एक ताटली शिल्लक नव्हती, शरद ऋतूतल्या बाजारात सगळ्या विकल्या होत्या. कुंभारांच्या ओलारी गावात, कुंभाराच्याच बायकोला ओंजळीत जेवायची वेळ यावी, याची मला शरम वाटते.

सात जूनला पितरांचा शनिवार आहे. त्या दिवशी सगळं गाव भांडी वाटतं. त्याच्या आत तिच्या कोंबड्याच्या बारा ताटल्या व्हायलाच हव्यात.

२३ एप्रिल

सेंट जॉर्जचा दिवस. फाटकाला हिरव्या फांद्या खोचल्या. दरवर्षी ती खोचायची.

पाद्रीबाबा वाटेत भेटले. त्यांना विचारलं, कारखान्याची ताटली वर चालते का. ते म्हणाले, "निस्तोर, देव ताटली बघत नाही, मन बघतो."

मी म्हटलं, "देवाचं कोण विचारतंय? मी स्तांकाचं विचारतोय."

२९ एप्रिल

आज चाकावर बसलो, ती गेल्यानंतर पहिल्यांदाच. माती हिवाळाभर तळघरात मुरलेली, हाताला लोण्यासारखी लागली. पहिल्या दोन वाया गेल्या, मग पाय आपोआप चालायला लागला. पंधरा ताटल्या केल्या. बाराच हव्यात, पण आमच्या घरात सुकताना दोन-तीन तडकतातच. एकोणीस वर्षं हेच चाललंय. माझ्या बापाच्या हातची एक ताटली कधी तडकली नाही, माझ्या मात्र दर खेपेला. मी माती बारीक चाळून पाहिली, वाळू घालून पाहिली, फळ्या सावलीत हलवल्या, चाकाला शिव्यासुद्धा दिल्या. रोज सकाळी स्तांका फळीवरून तडकलेल्या वेचून काढायची. "दाखव तरी," म्हटलं की म्हणायची, "दाखवू काय? परत भिजत घातल्या." आणि वर मला धीर द्यायची, की मातीच तशी आहे, तुझा हात चांगला आहे. अशी बायको मिळायला नशीब लागतं.

ताटली चाकावरून उचलताना माझा अंगठा बुडाला जरा खोल रुततो. लहानपणी तो लाकडाखाली सापडून वाकडा झाला, त्यामुळे माझ्या प्रत्येक ताटलीच्या बुडाला एक तिरकी खाच असते. स्तांका म्हणायची, लोक सही करतात, तू चिमटा काढतोस.

५ मे

ओलारीत चाक पुरुषाचं आणि शिंग बाईचं. बैलाच्या शिंगात पातळ रंगीत माती भरायची, टोकाला हंसाच्या पिसाची नळी, आणि ओल्या ताटलीवर तिची धार सोडत जायचं. पुरुषाने शिंग हातात धरलं तर गाव आठवडाभर हसतं. म्हणून दार लावून घेतलं.

कोंबडा काढायला बसलो. एकेचाळीस वर्षं पाठीमागून बघत आलोय, म्हटलं त्यात काय मोठंसं. पहिला निघाला तो बूट. दुसऱ्याला गालगुंड झालेलं. तिसऱ्याला तीन पाय आले, तिसरा कुठून आला मला माहीत नाही. धार माझ्या हातात थांबतच नाही. दाबलं की भसकन येते, सोडलं की टिपूस नाही.

आणि स्तांकाचा कोंबडा साधा नव्हता. गावातले सगळे कोंबडे नाकासमोर बघतात, तिचा मान वळवून मागे बघतो. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात ती शिंग घेऊन बसली होती. मी मागून चाकावरून ओरडलो, "मक्याची लापशी करपतेय!" तिने वळून पाहिलं, तसा तिच्या हाताखालचा कोंबडाही वळला. तिने तो पुसला नाही. तेव्हापासून तो आमच्या घराचा कोंबडा झाला.

तिन्ही कोंबडे ओल्या फडक्याने पुसून टाकले. ताटल्या ओल्या गोणपाटात गुंडाळून तळघरात ठेवल्या, म्हणजे सुकणार नाहीत. रंग ओल्या ताटलीवरच बसतो. दिवस थोडे आहेत.

६ मे

दार लावलं होतं पण खिडकी उघडी राहिली. सकाळी कुंपणापलीकडून प्रोफिराचा आवाज आला.

"भावजी, काल बूट काढत होता की मासा?"

प्रोफिरा म्हणजे त्रिफुची बायको. तो जाऊन वीस वर्षं झाली. तिच्याशी आमच्या घराने एकोणीस वर्षं बोलणं ठेवलेलं नाही. झालं असं, की त्रिफु गेल्यावर पुढच्याच जूनच्या जत्रेत ही बाई ताटल्या मांडून बसली, आणि तिच्या प्रत्येक ताटलीवरचा कोंबडा मागे बघत होता. आमचा कोंबडा! मी भर जत्रेत ओरडलो, की ज्या घरात धनी राहिला नाही तिथे आता चोरी शिरली. ते बोलायला नको होतं, पण बोललो. घरी येऊन दोन बागांमधल्या फाटकाला आठ खिळे ठोकले. स्तांका जवळ उभी राहून बघत होती, एक शब्द बोलली नाही. राग फार झाला की ती बोलत नसे.

"गालगुंडवाला बरा होता," प्रोफिरा म्हणाली. "भावजी, खाताय ना नीट? तिने उजव्या फडताळात वाळवलेल्या मिरच्यांमागे मध ठेवलाय. तुम्हाला सापडला नसेल."

मध खरंच तिथे होता. बायकांना एकमेकींची फडताळं कशी ठाऊक असतात, देव जाणे.

११ मे

बाभूळ फुलली आहे. सगळं गाव गोड वासात बुडालंय आणि मधमाश्यांशिवाय कुणी काम करत नाही. जेवण झाल्यावर आलुबुखारच्या झाडाखाली आडवा झालो. पापण्यांवर ऊन हलत होतं, आणि मी जागा आहे की झोपलोय ते मला नक्की सांगता येत नव्हतं. स्तांका घरातून बाहेर आली. एप्रनखाली काहीतरी गोल होतं, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेलं. भाकरी असावी. झऱ्याच्या वाटेने निघाली, दर शनिवारी पाण्याला जायची तशीच. तो झरा लांब पडतो, घरात नळ आहे, पण तिला झऱ्याचंच पाणी लागायचं. दोन घागरी नेऊन एक भरून आणायची आणि यायला तास लावायची. आली की मात्र गालातल्या गालात हसत असायची. म्हणून मीही कधी अडवलं नाही.

मी हाक मारली. "स्तांका, ताटल्या तळघरात सुकतायत गं."

ती वळली. त्या कोंबड्यासारखीच वळली, मान फक्त मागे. म्हणाली, "मग माझ्या मागे ये ना, वेड्या."

मी उठून गेलो. निदान मला तसं वाटलं. पण उठलो तेव्हा झाडाखालीच होतो आणि कुत्रा माझा बूट चाटत होता.

१३ मे

कुंभाराची सून कधी ना कधी उकिरड्यावर येणारच. आज मी प्रोफिराच्या दारात गेलो. फाटकाला खिळे माझेच, त्यामुळे रस्त्याने वळसा घालून, पाहुण्यासारखी टोपी हातात घेऊन जावं लागलं.

तिचं अंगण पाहून चकित झालो. भट्टीच्या तोंडाशी गवत उगवलंय. चाक तर त्रिफु गेल्यावरच विकलं होतं. फळ्या रिकाम्या, पुसून ठेवलेल्या. फेब्रुवारीपासून तिच्या भट्टीतून धूर निघालेला नाही हे मी पाहिलं होतं, पण मला वाटलं, बाई आळसावली. खालच्या गावातला कोणीतरी तिला कच्च्या ताटल्या देतो असा माझा समज आहे. त्याने हात आखडता घेतलेला दिसतो.

"बसा," ती म्हणाली.

"बसायला नाही आलो. स्तांका ओंजळीत जेवतेय."

तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. ती बाकावर टेकली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी टोपी फिरवत उभा राहिलो. मग ती म्हणाली, "कोणता काढू? पुढे बघणारा की..."

"मागे बघणारा," मी म्हणालो. "तुला येतोच. तू चोरलाच आहेस."

"हो," ती म्हणाली. "चोरलाय खरा."

मी वळसा घालून घरी पोचेपर्यंत ती माझ्या अंगणात हजर होती, झऱ्याच्या वाटेने आली असणार. आमचा उर्सु पाद्रीबाबांवर भुंकतो, पोस्टमनवर भुंकतो, मारिएता इटलीहून आली तर तिच्यावरही भुंकतो. प्रोफिराला पाहून तो शेपटी हलवत लोळण घेत होता. असला नमकहराम कुत्रा मी पाहिला नाही.

ती स्तांकाच्या स्टुलावर बसली. त्यावर उशी नव्हती. ती उठली, दारामागच्या खुंटीवरून उशी काढून आणली आणि परत बसली. फळीवरच्या ताटल्या तिने बोटाने मोजल्या.

"पंधरा कशाला?"

"तीन तडकतील. दर खेपेला तडकतात."

"यंदा नाही तडकणार," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"असंच. हवा चांगली आहे."

मग तिने शिंग उचललं. काठाला लाटा, मग चांदणी, मग मधोमध तो. धार तिच्या हातात कशी शहाण्यासारखी चालत होती. कोंबड्याची छाती आली, शेपटी आली, आणि शेवटी मान. मानेशी येऊन ती थांबली, मला म्हणाली, "काहीतरी बोला, भावजी."

"काय बोलू?"

"काहीही. स्तांका म्हणायची, मागून कुणी बोललं नाही तर मान वळतच नाही."

"तुला कधी म्हणाली?"

"पूर्वी," ती म्हणाली. "पूर्वी कधीतरी."

मी तिच्या पाठीमागे चाकाजवळ जाऊन उभा राहिलो. मग म्हणालो, "लापशी करपतेय." प्रोफिरा हसली, आणि कोंबड्याने मान वळवली. पंधरा वेळा म्हणालो. शेवटी शेवटी आवाज नीट निघत नव्हता.

२० मे

ताटल्या सावलीत सुकल्या. रोज सकाळी फळीसमोर उभा राहून मोजतो. पंधरा. एकही तडकली नाही. उलटसुलट केल्या, बोटाने टिचकी मारून ऐकल्या, नाद स्वच्छ.

मला कळत नाही. तीच माती, तेच चाक, हात तर आणखी म्हातारा झालाय. स्तांका वरून लक्ष ठेवते आहे, दुसरं काय. जिवंत असती तर म्हणालो असतो, बघ, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

२५ मे

पहिली भाजणी झाली. पंधराच्या पंधरा निघाल्या. भट्टीजवळ दिवसभर बसून होतो. धूर टेकडीवर सरळ चढत होता आणि मला वाटत होतं की वरून कुणीतरी तो दोरीसारखा ओढून घेतंय. प्रोफिराने कुंपणावरून गरम पाव दिला, मी घेतला.

१ जून

जत्रा. पंचवीस गावचे कुंभार आले. प्रोफिराची जागा रिकामी होती. ती नुसतीच हिंडत होती, दुसऱ्यांच्या ताटल्या उचलून बघत होती, परत ठेवत होती. मी विचारलं, "मांडलं नाहीस काही?"

"गुडघे दुखतात, भावजी."

गुडघ्यांचं दुखणं हिवाळ्यापासूनच दिसतंय. मधाचा एक डबा तिच्या पायरीवर ठेवून आलो.

४ जून

झिलई देऊन दुसरी भाजणी काढली. ताटल्या अजून कोमट आहेत, ओट्यावर मांडून ठेवल्या आहेत. हस्तिदंती रंगावर तांबडा, हिरवा, तपकिरी. पंधरा कोंबडे मान वळवून चाकाकडे बघतायत, म्हणजे मी बसतो तिथे. मी पुष्कळ वेळ तिथे बसून राहिलो.

७ जून, पितरांचा शनिवार

पहाटे गहू शिजवले, साखर घातली. प्रत्येक ताटलीत गव्हाचा मुटका, चेरीचा घोस, पाव, काठावर पेटती मेणबत्ती. घरोघर गेलो. "स्तांकाच्या आत्म्यासाठी." समोरचा म्हणायचा, "देव पावो," आणि ताटली घ्यायचा. पाद्रीबाबांना दिली तेव्हा त्यांनी ती उजेडात फिरवून पाहिली. म्हणाले, "निस्तोर, देवालाही आवडेल ही." मी म्हटलं, त्याने स्वतःची मागावी.

शेवटची प्रोफिराची. रस्त्याने वळसा घालून गेलो. तीही दारातच उभी होती, हातात ताटली, चेरी, मेणबत्ती.

"तुमच्यासाठी," ती म्हणाली. "स्तांकाच्या आत्म्यासाठी. जुनी आहे, भावजी, रागावू नका. माझ्याकडे एवढी एकच राहिली."

"देव पावो," मी म्हणालो. आम्ही ताटल्यांची अदलाबदल केली आणि वाऱ्याने मेणबत्त्या विझू नयेत म्हणून दोघांनी हात आडवे धरले.

घरी येऊन चेरी खाल्ल्या. ताटली धुवायला घेतली, उलटी केली. बुडाला तिरकी खाच होती.

अंगठा लावून पाहिला. नीट बसला.

पाणी वाहत राहिलं. मी नळ बंद केला नाही.

८ जून

पेंटेकॉस्ट. आज आणि उद्या चाकाला हात लावायचा नाही. दिवसभर बाकावर पडून होतो. ताटली छातीवर ठेवली होती.

एकोणीस वर्षं. दर खेपेला दोन, दर खेपेला तीन. मी वाळू घातली. मी चाळणी बदलली. चाकाला शिव्या दिल्या. आणि ती मला धीर देत होती, निस्तोर, तुझा हात चांगला आहे. आणि शनिवारी एप्रनखाली झऱ्याची वाट. भाकरी म्हणे. आणि कोंबडाही तिनेच दिला असणार, रिकाम्या फळ्यांपुढे बसलेल्या विधवेला. त्याच्यावर मी भर जत्रेत काय बोललो ते आठवून मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिने मला तेव्हा का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का? नसतं ऐकलं. आठाच्या जागी सोळा खिळे ठोकले असते.

मला राग यायला हवा होता. वाट बघत पडलो, तो आला नाही. डोळा लागला. तेच लांब टेबल, बागेतून टेकडीपलीकडे गेलेलं. स्तांका ताटलीतून जेवत होती, सावकाश, चमच्याने. शेजारी त्रिफु बसला होता. तिने आपल्या ताटलीतलं अर्धं त्याच्या ताटलीत वाढलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पकडली गेल्यासारखी हसली.

१० जून

सकाळी फाटकाचे खिळे काढले. सात निघाले, आठवा गंजून लाकडातच राहिला, राहू दे. फाटक उघडताना एवढं कुरकुरलं की उर्सु त्याच्यावर भुंकला.

काल मध्यरात्र उलटली तसा सण संपला होता, मी उजाडताच चाकावर बसलो होतो. दहा ताटल्या. दुपारपर्यंत उचलण्याइतक्या घट्ट झाल्या. त्यांतल्या चार चांगल्या निवडून फळीवर घेतल्या, फाटकातून पलीकडे गेलो आणि प्रोफिराच्या ओट्यावर ठेवल्या. ती बाहेर आली. आधी उघडं फाटक पाहिलं, मग फळी, मग मला.

"हे काय, भावजी?"

"काही नाही," मी म्हणालो. "तडकल्यात."

तिने एक उचलली. उजेडात धरली, हळूच फिरवली, बुडाच्या खाचेवरून बोट नेलं.

"हो की," ती म्हणाली. "पार तडकल्यात." आणि चारही एप्रनखाली घेऊन आत गेली.